बेचिराख

दुर्गहून राजनांदगावकडे निघालेली गाडी शिवनाथ नदी ओलांडते आणि थोड्याच वेळात रसमडा येते. फलाटावरील पाटीवर 'ड'खाली टिंब आहे. मराठीत लिहिताना ते गळून पडते. बहुतेक जलद गाड्या येथे थांबत नाहीत, त्यामुळे हावडा-मुंबई मार्गाने शेकडो वेळा गेलेल्या माणसालाही हे नाव ऐकून ठाऊक नसते. मलाही नव्हते. माझे मामा १९६१ साली नागपूरहून भिलाईच्या पोलाद कारखान्यात आले आणि तेथेच निवृत्त झाले. लहानपणी सुट्टीत गेलो की मामा रात्री गच्चीवर नेत आणि आकाशाचा एक कोपरा एकाएकी तांबडा कसा होतो ते दाखवीत. वितळलेली मळी ओतली जात असे, तिचा तो उजेड. १९५५ साली सोव्हिएत रशियाशी झालेला करार, ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते सुरू झालेली पहिली झोतभट्टी, ही सारी माहिती मामा घरातल्या लग्नमुंजींच्या तपशिलाने सांगत. कारखाना ही बंद पडू शकणारी वस्तू आहे, हे त्या गच्चीवर कोणी सुचविले असते तरी मला पटले नसते.

रसमड्याला मी प्रथम गेलो तो २०१२ च्या जानेवारीत, आणि तोही माझ्या कामासाठी नव्हे. मामेभावाला औद्योगिक वसाहतीत कोणाला तरी भेटायचे होते. तो आत गेला आणि मी बाहेर रेंगाळलो. छत्तीसगड राज्य २००० साली झाले, त्यानंतरच्या दशकात या पट्ट्यात स्पंज आयर्नचे कारखाने झपाट्याने उभे राहिले. त्यांतले काही तितक्याच झपाट्याने थांबले. रस्त्याच्या पलीकडे असाच एक थांबलेला कारखाना होता. फाटकाशी खाटेवर बसलेल्या पहारेकऱ्याने मला आत जाऊ दिले, कारण, त्याच्याच शब्दांत सांगायचे तर, नेण्यासारखे आत काही उरले नव्हते. हे अर्थातच खरे नव्हते. आत एक आडवी पडलेली प्रचंड भट्टी होती. चाळीसएक मीटर लांबीचा पोलादी नळा, किंचित उतरता, दगडी खांबांवर रेललेला. तिला तेथे सगळे 'किलन' म्हणत. खनिज, कोळसा आणि थोडा डोलोमाइट वरच्या तोंडातून घालायचे, नळा सावकाश फिरत राहतो, आतली उष्णता हजार अंशांच्या आसपास असते, आणि न वितळताच लोहखनिजातला प्राणवायू निघून जाऊन सच्छिद्र लोखंड खालच्या तोंडातून बाहेर पडते. पहारेकरी पूर्वी या किलनवरच होता. त्याने सांगितलेली एक गोष्ट मनात राहिली आहे. किलन तापलेली असताना वीज गेली तरी तिला थांबू द्यायचे नाही. डिझेलच्या इंजिनावर थोडी थोडी फिरवीत ठेवायची. थांबली की स्वतःच्याच वजनाने वाकते, आणि एकदा वाकली की पुन्हा कधीच सरळ फिरत नाही.

त्या दिवशी माझ्याजवळ कॅमेरा होता. तेव्हापासून दहा वर्षे, मामीला भेटायला भिलाईला गेलो की, मी त्याच आवारात, शक्यतो त्याच जागांवर उभा राहून, त्याच भिंतींची छायाचित्रे घेत आलो. मामीला हे कधीच आवडले नाही. "पडक्या जागेत जाऊन काही बोलू नकोस हो. वास्तू तथास्तु म्हणत असते," ती म्हणे. मी हसत असे. पुढे या वाक्याकडे मला निराळ्या दृष्टीने पाहावे लागले. पण ते ओघाने येईलच.

दहा वर्षांच्या छायाचित्रांतून पहिली गोष्ट जी शिकलो ती अशी की इमारत पावसाने पडत नाही. पाऊस, वाळवी, पिंपळ यांना आपण फार श्रेय देतो. २०१२ च्या चित्रांत विजेच्या पेट्या उघड्या आहेत आणि आतली तांब्याची तार नाही. २०१४ मध्ये मोटारी गेल्या. नंतर छपराचे पत्रे, मग खिडक्यांच्या चौकटी, मग गॅसने कापलेले लोखंडी अँगल, आणि शेवटी किलनच्या आतले उष्णतारोधक अस्तरसुद्धा कोणीतरी खरवडून नेले. जे किलोवर महाग ते आधी जाते. या क्रमात निसर्ग कोठेही नाही. भंगाराचा भाव आहे. पत्रे गेल्यावर मात्र पाऊस आत आला आणि पिंपळाला भेगा सापडल्या. शेजारच्या चालू कारखान्यांचा काळा धूर त्याच्या पानांवर बसलेला असे, म्हणून माझ्या संग्रहातले एकही पिंपळाचे पान पिंपळपानाच्या रंगाचे नाही.

हे नमूद करण्याचे कारण असे की भग्नावशेषांविषयी जे काही मी वाचले होते ते याच्या उलट होते. गेओर्ग झिमेल याने १९०७ साली 'भग्नावशेष' या विषयावर एक लहानसा निबंध लिहिला. त्याचे म्हणणे असे की माणसाच्या कर्तृत्वाची वस्तू हळूहळू निसर्गाची वस्तू भासू लागते, आणि या भासातच भग्नावशेषाचे आकर्षण आहे. त्याआधी चारच वर्षे, १९०३ मध्ये, आलोइस रीगल याने जुन्या वास्तूंच्या मूल्यांचे विवेचन करताना केवळ जीर्णत्वाला एक स्वतंत्र मूल्य मानले: इतिहास ठाऊक नसलेल्या माणसालाही झिजलेल्या दगडापासून मिळणारे समाधान. दोघांचेही विवेचन सुंदर आहे. पण झिमेलच्या भिंतीखाली कोणी पगाराची वाट पाहत उभा नाही. ज्या अवशेषाचे सर्व हक्कदार मरून गेले आहेत अशाच अवशेषाकडे इतक्या निवांतपणे पाहता येते. रसमड्याचा कारखाना २००९ साली थांबला होता. त्याचे हक्कदार चार मैलांच्या आत राहत होते आणि त्यांतले काही माझ्याहून वयाने लहान होते.

छायाचित्रकारांत मी दोन घरची शिष्यता पत्करली होती. बर्न्ड आणि हिला बेशर या जर्मन दांपत्याने १९५९ पासून, म्हणजे भिलाईची भट्टी पेटली त्याच वर्षापासून, झोतभट्ट्या, पाण्याच्या टाक्या, खाणींवरचे मनोरे यांची चित्रे एकत्रितपणे घ्यायला सुरुवात केली. आभाळ भरलेले, सावली नाही, माणूस नाही, वस्तू समोरून आणि पूर्ण. १९७० सालच्या त्यांच्या पुस्तकाच्या नावाचा अर्थ 'अनामिक शिल्पे' असा होतो. दुसरे घर चिलीत जन्मलेल्या कामिलो होसे वेर्गारा याचे. तो अमेरिकेतल्या उजाड होत चाललेल्या वस्त्यांत तेच घर, तोच कोपरा वर्षानुवर्षे पुन्हा टिपत राहिला. बेशर यांच्याकडून मी आभाळ घेतले, वेर्गाराकडून पुन्हा येणे घेतले. माणूस मात्र कोणाकडूनच घेतला नाही. हे तेव्हा माझ्या लक्षात आले नाही.

एका शब्दापाशी येथे थांबावेसे वाटते. मराठीत 'बेचिराख' म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर राख येते. बॉम्बने शहर बेचिराख झाले असे आपण सहज लिहितो. मूळ शब्द फारसी, 'बे-चिराग', म्हणजे दिवा नसलेले. जुन्या महसुली कागदांत बेचिराख गाव म्हणजे जळालेले गाव नव्हे. नाव आहे, शीव आहे, आकारणी आहे, पण दिवा लावायला कोणी नाही, असे गाव. बोलणाऱ्यांच्या कानांनी 'राख' ऐकली आणि अर्थ आगीकडे वळला. छत्तीसगडच्या महसुली भाषेत अशा गावाला 'वीरान ग्राम' म्हणतात. मला जुना मराठी शब्द अधिक नेमका वाटतो, कारण त्यात नाश नाही, अनुपस्थिती आहे. आणि गाव कागदावर अजून आहे ही गोष्ट त्यात शाबूत आहे.

आपल्या परंपरेत ओसाडीचे सर्वांत तपशीलवार चित्र कालिदासाने काढले आहे. 'रघुवंशा'च्या सोळाव्या सर्गात अयोध्येची अधिदेवता मध्यरात्री, बंद शयनगृहात, कुशापुढे येऊन उभी राहते आणि राम गेल्यानंतरच्या नगरीची स्थिती सांगते. कमळवनात उतरलेले चित्रातले हत्ती खरे समजून सिंहांनी त्यांची गंडस्थळे नखांनी फोडली आहेत. खांबांवरील कोरीव स्त्रियांना सापांच्या टाकलेल्या कातींची वस्त्रे झाली आहेत. वाड्यांचा चुना काळाने काळवंडला, त्यावर गवत उगवले, आणि चांदणे पूर्वीसारखे तेथे उजळत नाही. हे श्लोक मी वर्गात अनेकदा शिकविले, आणि प्रत्येक वेळी प्रतिमांवरच बोललो. चुन्याच्या बदललेल्या रंगाकडे कवीचे लक्ष कसे गेले याचे कौतुक केले. पण ते वर्णन निवेदक करीत नाही, नगरी करते. आणि जो परत येऊन काही करू शकतो अशाच माणसापुढे करते. ते गाऱ्हाणे आहे. कुश ऐकतो, दुसऱ्या दिवशी सभेत सांगतो आणि कारागिरांचे संघ घेऊन निघतो. सर्गाच्या त्या भागाला उतारा म्हणून निवडताना आम्ही बहुधा कुशाला गाळतो.

रसमड्याहून गाडीने पुढे राजनांदगाव फार लांब नाही, आणि फोटो काढून झाले की मी पुष्कळदा तिकडे जात असे. तेथली जुनी कापडगिरणी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात सी. पी. मिल्स या नावाने निघाली आणि पुढे बंगाल नागपूर कॉटन मिल्स झाली. १९२० साली ठाकूर प्यारेलाल सिंह यांच्या नेतृत्वाखाली तेथे संप झाला, १९८४ च्या आंदोलनात पोलिसांच्या गोळीबारात कामगारांचे प्राण गेले, आणि २००२ मध्ये गिरणी बंद पडली. याच गावच्या दिग्विजय महाविद्यालयात गजानन माधव मुक्तिबोध १९५८ पासून शिकवीत. महाविद्यालय संस्थानिकांच्या जुन्या वाड्यात. मुक्तिबोधांची राहण्याची जागाही त्याच वाड्याच्या एका भागात, चक्राकार जिन्याची, दोन तलावांच्या सान्निध्यात. आता तेथे स्मारक आहे. घरची भाषा मराठी, लेखन हिंदीत. धाकटे बंधू शरच्चंद्र नागपुरास मराठीत लिहिणारे, 'सृष्टी, सौंदर्य आणि साहित्यमूल्य' या ग्रंथाबद्दल १९७९ साली साहित्य अकादमीने गौरविलेले. एका घरातून दोन भाषांत गेलेल्या या भावंडांवर तौलनिक साहित्याच्या माणसाने लिहिले नाही तर कोणी लिहावे, असे म्हणत मी वीस वर्षे काढली आहेत. असो.

'ब्रह्मराक्षस' ही मुक्तिबोधांची कविता शहराबाहेरच्या पडक्या भागातल्या एका ओसाड बावडीपाशी सुरू होते. आत खोल पाण्यात एक ब्रह्मराक्षस आहे. तो विद्वान आहे, अखंड बडबडतो आहे, आणि अंगावरचा मळ जावा म्हणून स्वतःला सारखा घासतो आहे. मळ जात नाही. जगाच्या वाङ्मयात पडक्या वास्तूंत भुते, घुबडे, प्रेमिक, दरोडेखोर राहतात. प्राध्यापक राहतो तो याच एका कवितेत. त्या स्मारकाच्या जिन्यावर हे मी एका सहकाऱ्याला विनोद म्हणून सांगितले होते.

डिसेंबर २०२२ मधली गोष्ट. मी आवाराच्या कोपऱ्यात तिपाई मांडून आभाळ भरून येण्याची वाट पाहत होतो. सायकल हातात धरून एक चाळिशीचा माणूस फाटकातून आत आला. काही वेळ उभा राहिला आणि म्हणाला, "काबर फोटो खींचथव, गुरुजी?" छत्तीसगढीतले 'काबर', का म्हणून, हे मराठी कानाला अगदी 'का बरे' असे ऐकू येते, त्यामुळे प्रश्न मला दोनदा विचारल्यासारखा वाटला. मी नेहमीचे उत्तर दिले: काळाचा परिणाम नोंदवितो आहे. त्याने ते शांतपणे ऐकून घेतले. मग विचारले की गुरुजी किती वर्षे येत आहेत. दहा, मी म्हणालो, काहीशा अभिमानाने. त्याने सायकल भिंतीला टेकविली.

"म्हणजे टाइम ऑफिसची भिंत उभी होती तेव्हाही?"

टाइम ऑफिसची भिंत २०१७ च्या पावसाळ्यानंतर नव्हती; विटा कोणीतरी नेल्या. त्या भिंतीवर रंगाने लिहिलेला एक फलक होता. प्रथमोपचाराचे शिक्षण घेतलेल्या कामगारांची नावे, खाते आणि पाळी. कारखान्यांत असे फलक असतात. त्या माणसाचे म्हणणे असे की त्यात वरून पाचवे नाव त्याचे होते. तो ठेकेदाराकडून कामाला होता, सहा वर्षे किलनवर. नेमणुकीचा कागद कधी मिळाला नाही, हजेरीचे पुस्तक ठेकेदाराबरोबर गेले आणि ठेकेदार कोठे गेला ते कोणास ठाऊक नाही. भविष्यनिर्वाह निधीच्या पैशांसाठी तो आणि आणखी काही जण खेटे घालीत होते. वकिलाने सांगितले होते की येथे काम करीत होतास असे दाखविणारे काहीही लिखित आण. त्याच्या आयुष्यात त्या कारखान्याने त्याचे नाव एकदाच लिहिले होते, आणि ते भिंतीवर.

माझ्याजवळ त्या फलकाचे छायाचित्र होते. ते मला चांगलेच आठवत होते, कारण त्याचे कौतुक झाले होते. ऑक्टोबर २०१४, पाऊस उघडल्यानंतरची सकाळ. फलकाच्या डाव्या कोपऱ्यातून पिंपळाचे तीन पानांचे रोप फुटले होते. मी भिंग पूर्ण उघडे ठेवले, रोपावर नजर स्थिर केली आणि मागची अक्षरे विरघळू दिली. एका विद्यापीठाच्या दालनात ही मालिका लावली तेव्हा एका समीक्षकमित्राने नेमके याच चित्रापुढे थांबून म्हटले होते की येथे लिपी पुन्हा वनस्पती होते आहे. मला ते वाक्य इतके आवडले की पुढे एका व्याख्यानात मी ते, त्याचे नाव घेऊन, दोनदा वापरले.

त्या रात्री भिलाईला मामीच्या जेवणघरातल्या टेबलावर संगणक उघडून मी ते चित्र मोठे करून पाहिले. रोपाच्या पानांवरची कोळशाची धूळ कणाकणाने दिसत होती. मागे पांढऱ्या रंगाचे आडवे ढग होते, एकूण अकरा ओळी. त्या दिवशी घेतलेली सारी चित्रे शोधली. एकूण चोवीस. प्रत्येकात मी रोपाच्या आणखी जवळ गेलो होतो. शेवटच्या सातांत फलक चौकटीत जवळजवळ नव्हताच. एक साधे, समोरून, दोन पावले मागे सरकून घेतलेले चित्र, बेशर यांचा कोणताही आळशी विद्यार्थी सवयीने घेईल तसे, त्यात नव्हते. २०१२ च्या चित्रांत ती भिंत एका कडेला, लांबून आली होती. ते मोठे केल्यावर वरची दोन नावे लागली, तिसऱ्याचे आडनाव लागले. पाचव्या ओळीत पहिले अक्षर 'र' असावे किंवा 'स' असावे.

मामी पाणी घेऊन आली आणि मागे उभी राहून पाहत होती. "हे कुणाचं रे?" तिने विचारले. मी सांगितले. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "तुझ्या मामांचं नाव त्यांच्या खात्यात फळ्यावर होतं. रिटायर झाल्यावर एकदा दाखवायला नेलं होतं मला."

दुसऱ्या दिवशी दुर्गला जाऊन मी दोन्ही चित्रे मोठ्या आकारात छापून घेतली आणि रसमड्याला गेलो. तो फाटकाशीच होता. दोघे सोबती बरोबर आणले होते. पिंपळाचे चित्र त्याने आधी पाहिले, दोन्ही हातांनी धरून, आणि मला दिलासा देण्याच्या सुरात म्हणाला की फोटो फार सुंदर आला आहे. नंतर दुसरे. त्याच्या सोबत्यांपैकी एकाचे नाव वरून दुसरे होते. ते वाचता येत होते. तो माणूस ते पुन्हापुन्हा मोठ्याने वाचू लागला, आणि ज्याचे पाचवे होते तो त्याच्या पाठीवर थाप मारून हसला. त्या हसण्यात खोट शोधण्याचा मी पुष्कळ प्रयत्न केला, मला ती सापडली नाही. मग त्याने ओळींवर बोट ठेवीत मला सगळी नावे सांगितली, पाचव्यासकट, अकराच्या अकरा, खात्यासह आणि पाळीसह. मी ती वहीत उतरवून घेतली. कोण आता कोठे आहे तेही त्याने सांगितले: दोघे सुरतेला, एक शेजारच्याच कारखान्यात, एक गेला. वकिलाने चित्र ठेवून घेतले आहे असे पुढे फोनवर कळले. उपयोग होईल असेही म्हणाला नाही, होणार नाही असेही नाही.

२०२४ च्या फेब्रुवारीत गेलो तेव्हा आवार सपाट होते. किलन कापून नेलेली, खांबांचे दगडही नव्हते, आणि नव्या गोदामासाठी चुन्याने आखणी केली होती. माझ्या नेहमीच्या जागा मला सापडेनात. ज्या ठिकाणी टाइम ऑफिस असावे तेथे उभा राहून मी वही उघडली आणि नावे वाचली. मनातल्या मनात वाचणार होतो. मामीचे वाक्य आठवले आणि मोठ्याने वाचली. आखणी करणारी दोन मुले दोरी हातात धरून थांबली होती. मी संपविल्यावर त्यांतल्या एकाने विचारले की हे लोक उद्यापासून कामावर येणार आहेत का.